एकशे बारा राऊत

हरिश्चंद्र राऊत चप्पल घालून ऑफिसात शिरले, तेव्हाच मला कळलं की हे भांडायला आलेत. तसं आमच्या ऑफिसात कुणीच चप्पल काढत नाही. माणिकपूरला प्लायवूडच्या दुकानावरचा गाळा, फरशीवर सदैव लाकडाचा भुसा. पण हा माणूस गेल्या वर्षी पंधरा-वीस वेळा आला आणि दर वेळी दाराशी चप्पल काढून, पाय पुसून आत आला. कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर असा त्यांचा समज होता. त्या शनिवारी तो समज उरला नव्हता.

"माझं नाव शोध," ते म्हणाले आणि सात पानांची झेरॉक्स त्यांनी माझ्या कीबोर्डवर टाकली.

"बसा ना काका."

"बसायला नाही आलो. शोध."

ती तळवाडे बागायतदार सहकारी संस्थेची मतदार यादी होती. केळी, पानवेल, मोगरा पिकवणाऱ्या लोकांची संस्था, सभासद एकशे चौसष्ट. त्यांचं सगळं सभासद रजिस्टर आम्ही वर्षभरापूर्वी कॉम्प्युटरवर चढवलं होतं. वेबसाइट उघडायची, पासवर्ड टाकायचा, यादी समोर. एका पानावर पंचवीस नावं, खाली 'पुढील पान'. दोन हजार सात साली वसईत असलं काही करून देणारे आम्ही तिघंच होतो, आणि तिघांपैकी कुणीच ते कॉलेजात शिकलेलं नव्हतं. मी नालासोपाऱ्याच्या एका क्लासला तीन महिने गेले, तिथे मास्तरलाच काही येत नाही हे कळल्यावर सोडला आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांवर शिकले. हे अभिमानाने सांगत नाही. पुढे जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे.

मी सातही पानं चाळली. मग परत चाळली. राऊत होते, ढिगाने होते. हरिश्चंद्र गोविंद राऊत, घराची ओळख मळ्यातले, सभासद क्रमांक एक्केचाळीस, नव्हते.

"उमेदवारीचा फॉर्म भरायचा आजचा शेवटचा दिवस," ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत. यादीत नाव नाही तर फॉर्म नाही. मी फॉर्म नाही भरला तर अध्यक्षाचे उमेदवार सगळे बिनविरोध. आणि ते बिनविरोध आले की कामण रोडवरचा आपल्या संस्थेचा प्लॉट गोडाऊनवाल्याला नव्व्याण्णव वर्षांसाठी. तुला सगळं म्हाईत आहे. तूच सांग, कोनाच्या सांगण्यावरून काढलंस?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. पासवर्ड तिघांकडे होते: माझ्याकडे, आमचे मालक कॉन्रॅड सर यांच्याकडे आणि संस्थेचे सेक्रेटरी प्रल्हाद चुरी यांच्याकडे. आणि मंगळवारी संस्थेचे अध्यक्ष आमच्या गाळ्यात येऊन कॉन्रॅड सरांबरोबर तासभर चहा पिऊन गेले होते. दार लावून. आमच्या गाळ्याचं दार एरवी कधी लागत नाही, ते फुगलेलं आहे.

मी शोधाच्या रकान्यात 'हरिश्चंद्र' टाइप केलं. नाव आलं. क्रमांक एक्केचाळीस, मळ्यातले.

"आहात की तुम्ही. हे बघा."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिथे असून काय करू? भिंतीवर जो कागद लावलाय त्यावर नाही. निवडणुकीची अधिकारी बाई म्हणते, सही-शिक्क्याचा कागद तोच खरा."

"मग कागदात चूक आहे."

"कागद तुमच्याच यंत्रातून निघाला ना?"

तेवढ्यात कॉन्रॅड सर आले. त्यांनी हरिश्चंद्रकाकांच्या पायातल्या चपला पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली. मला उगाच वाटलं की त्यांना आधीच ठाऊक आहे. संशयाचं असंच असतं, एकदा आला की माणूस कसा बसतो, पाणी कसं पितो, सगळ्यात पुरावा दिसतो.

"काय झालं मीरा?"

"यांचं नाव छापील यादीत नाही. डेटाबेसमध्ये आहे."

"प्रिंटिंगची चूक असेल," ते लगेच म्हणाले. फार लगेच.

मी डेटाबेस उघडून ओळी मोजल्या. एकशे चौसष्ट. कुणी काढलेलं नाही, कुणी घातलेलं नाही. मग कागदावरच्या ओळी मोजल्या. त्याही एकशे चौसष्ट. इथे मी थांबले. एक माणूस गळाला आणि बेरीज तशीच, म्हणजे त्याच्या जागी दुसरं कुणीतरी बसलंय.

"हे तर तेही सांगतायत," काका म्हणाले. "प्रल्हाद म्हणतो, मोजून घ्या, एकशे चौसष्ट आहेत, एकही कमी नाही. आणि वर म्हणतो, उलट तुमच्याच घरात एक मत जास्त आहे."

"म्हणजे?"

"माझी भावजय. मथुरा. तिचं नाव दोनदा आहे. आता गावात बोंब की हरिश्चंद्राने भावजयीचं बोगस मत घुसवलं."

मी शोधलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी, अनुक्रमांक पंच्याहत्तर: मथुरा श्रीरंग राऊत, मळ्यातले, सभासद क्रमांक अठ्ठ्याण्णव. चौथ्या पानाच्या माथ्यावर, अनुक्रमांक शहात्तर: मथुरा श्रीरंग राऊत, मळ्यातले, सभासद क्रमांक अठ्ठ्याण्णव. एका पानाच्या शेपटीला आणि दुसऱ्याच्या डोक्याला तीच बाई. भिंतीवर पानं वेगवेगळी लावलेली, आणि त्या गावात मथुरा राऊत नावाच्या तीन बायका आहेत, म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी स्क्रीनवर एकेक पान उघडून कागदाशी ताडत गेले. पहिलं, दुसरं सारखं. तिसरंही सारखं, तळाला मथुरा. चौथं मात्र नाही. कागदावरचं चौथं पान मथुरापासून सुरू होत होतं, स्क्रीनवरचं तिच्या पुढच्या माणसापासून. सगळे एक घर वर सरकले होते. पाचवं तसंच, सहावंही तसंच. आणि स्क्रीनवर सहाव्या पानात, सगळे राऊत संपतात तिथे, अगदी शेवटचा राऊत म्हणून कोण उभं होतं? हरिश्चंद्र गोविंद, मळ्यातले.

"काका, तुम्ही शेवटच्या राऊतांत कसे? तुमचा नंबर तर एक्केचाळीस. जुने सभासद तुम्ही."

"ते मला विचारतेस?"

मी सुमेधला फोन लावला. हा प्रोग्रॅम मुळात त्याने लिहिलेला, आता तो अंधेरीला मोठ्या कंपनीत होता आणि जुन्या कामाचा फोन आला की जेवायला बसलेला असायचा.

"सुमेध, तळवाड्याची यादी कशावर लावली आहेस?"

"आडनावावर."

"आणि पुढे?"

"पुढे काय?"

"आडनाव सारखं असलं तर?"

"अगं, ते कल्याणच्या सोसायटीसाठी लिहिलं होतं. तिथे दोन कुलकर्णी आणि तीन शिंदे. सारखं असून असून किती असणार?"

"एकशे बारा," मी म्हटलं.

पलीकडे तो जेवायचं थांबला.

हरिश्चंद्रकाकांना मी सांगितलं ते असं. शाळेत मास्तरने सांगितलं की उंचीप्रमाणे रांग लावा. पण एकशे बारा पोरं एकाच उंचीची. ती आपापसात कशी उभी राहणार? कशीही. मास्तरने पुढचं काही सांगितलेलंच नाही. आमचा डेटाबेस तो मास्तर. आडनावाप्रमाणे लाव म्हटलं, त्याने लावलं. चुरी चार, त्यांचा प्रश्न नाही. सगळे राऊत मात्र त्याच्या लेखी एक. ते बहुतेक जसे आत पडून आहेत तसे उभे राहतात. त्यातल्या एखाद्याच्या नोंदीला कुणी हात लावला, फोन नंबर बदलून 'सेव्ह' केलं, तर ती नोंद उचलली जाते आणि बहुधा मागे जाऊन पडते.

काका म्हणाले, "नळावरच्या हंड्यासारखं. आपला हंडा उचलला की मागची बाई पुढे सरकते, आणि आपण परत आलो की शेवटी."

"तसंच."

"मग माझा हंडा कोनी उचलला?"

कॉन्रॅड सर म्हणाले, "कुणी उचलला नाही काका. तांत्रिक चूक आहे. होतं असं."

सर खोटं बोलत नव्हते, पण पुरं खरंही बोलत नव्हते. नुसता हंडा उचलल्याने यादीतून माणूस गळत नाही, तो दुसऱ्या पानावर जातो. सात पानं एका दमात छापली असती तर काका सहाव्या पानावर आले असते, एवढंच. गळायचं असेल तर एकच रस्ता आहे. बाकीची पानं आधी छापायची, काका तिसऱ्या पानावर असताना. मग काकांची नोंद हलवून त्यांना मागे धाडायचं. आणि मग फक्त तिसरं पान पुन्हा छापायचं. नव्या तिसऱ्यात ते नाहीत, जुन्या सहाव्यातही नाहीत. आणि रिकाम्या जागेवर चौथ्याची पहिली बाई सरकून येते. बेरीज बरोबर.

मी झेरॉक्स पुन्हा हातात घेतली. आपण ब्राउझरमधून कागद छापतो तेव्हा खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, आपण न सांगता तारीख छापली जाते. तिच्याकडे कुणी बघत नाही. पहिलं पान, बारा फेब्रुवारी. दुसरं, बारा फेब्रुवारी. चौथं, पाचवं, सहावं, सातवं, बारा. तिसरं पान, चौदा.

मी सेव्हच्या नोंदी काढल्या. प्रोग्रॅम कोणती नोंद कुणी कधी साठवली ते लिहून ठेवतो. अख्ख्या आठवड्यात एकच ओळ होती. चौदा फेब्रुवारी, दुपारी चार एक्कावन्न, सेक्रेटरीच्या लॉगिनवरून, सभासद क्रमांक एक्केचाळीस. काय बदललं? काहीच नाही. उघडली आणि सेव्ह केली.

मी स्क्रीन काकांकडे फिरवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, ती ओळ वाचली, चष्मा परत ठेवला.

"प्रल्हादला एवढी अक्कल नाही," ते म्हणाले. "तो मोबाइलवर मिस कॉल द्यायला पुतण्याला बोलावतो. हे त्याला कोनीतरी शिकवलंय."

आणि त्यांनी कॉन्रॅड सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मंगळवारचा चहा, लावलेलं दार.

"माझ्याकडे बघू नका," सर म्हणाले. "अध्यक्ष आले होते ते दुसऱ्या कामाला. त्यांच्या मेहुण्याच्या पतपेढीला हाच प्रोग्रॅम हवाय. मीरा, तू तरी."

मी मात्र तेव्हा सरांचा विचार करतच नव्हते. मी खण उघडला आणि तक्रारींची वही काढली. शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी त्यात लिहायची. डिसेंबरचं पान काढलं.

एकोणीस डिसेंबर. तळवाडे, प्रल्हाद चुरी. 'राऊतांपैकी कुणाची नोंद सेव्ह केली की त्याचं नाव पानावरून गायब होतं.' खाली माझ्याच अक्षरात: 'गायब होत नाही, राऊतांच्या शेवटी जातं, पुढची पानं बघा असं सांगितलं.' आणि शेवटच्या रकान्यात, जिथे काम किती महत्त्वाचं ते लिहायचं, तिथे एकच शब्द. किरकोळ.

मला तो फोन आठवला. मी घाईत होते, सहा सत्तावीसची गाडी गाठायची होती. प्रल्हादभाऊ विचारत होते, "म्हणजे मॅडम, कुणाचंही सेव्ह केलं तरी?" मी म्हटलं, "हो हो, कुणाचंही." ते म्हणाले, "आणि बाकीचे?" मी म्हटलं, "बाकीचे एकेक वर सरकतात." दोनदा विचारलं त्यांनी. मी दोनदा सांगितलं. शिकवणी घेतली म्हणा ना.

मी वही काकांच्या समोर ठेवली नाही. बंद केली आणि पिशवीत टाकली. कॉन्रॅड सरांनी पाहिलं.

"ती कशाला?"

"अधिकारी बाईंना दाखवायला. नुसती तारीख दाखवली तर प्रल्हादभाऊ म्हणतील पान खराब छापलं म्हणून परत काढलं. त्यांना हे माहीत होतं हे वहीतच आहे."

"त्या वहीत आपल्याला माहीत होतं हेही आहे."

"आहेच."

"मीरा, आणखी पाच संस्थांना हा प्रोग्रॅम दिलाय आपण. उद्या पाचही जण दारात उभे राहतील. प्रिंटिंगची चूक म्हणू. मी फोन करतो बाईंना."

"प्रिंटिंगची चूक म्हटलं तर कागद कायम राहतो. त्यांना पुरावा हवाय, आणि तोही पाचच्या आत."

"वही घेऊन गेलीस तर सोमवारी येऊ नकोस." आवाज चढवला नाही त्यांनी. उलट वाईट वाटल्यासारखं म्हणाले, आणि तेच मला जास्त लागलं. मी झेरॉक्स आणि सेव्हच्या नोंदीची छापील प्रत घेतली, वही होतीच. काका आधीच जिना उतरत होते.

त्यांच्या एम-एटी गाडीवर मागे केळ्यांचे रिकामे हारे बांधलेले होते. ते सोडून त्यांनी प्लायवूडवाल्याकडे ठेवले आणि मला बसायला जागा केली. पापडी गावाच्या पुढे एकदाच मान वळवून म्हणाले, "वहीत काय आहे?"

"तिथे वाचते."

"आत्ता सांगितलंस तर फिरेन अशी भीती आहे का?"

होती. मी पिशवी मांडीवर नीट धरली.

संस्थेचं ऑफिस म्हणजे बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, कडेला कौलारू हॉल, मागे केळीची बाग. आम्ही पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते आणि लाइट गेलेली होती. तेव्हा वसईत शनिवारी दुपारी भारनियमन असायचं. चारला येईल असं सगळे म्हणत होते आणि येईल याची खात्री कुणालाच नव्हती. निवडणूक अधिकारी खिडकीशी टेबल ओढून बसल्या होत्या. सहकार खात्यातल्या, पन्नाशीच्या, उभट चेहऱ्याच्या बाई, हातात पुठ्ठ्याचा पंखा. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं होती. आपापसात ती त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होती, मी आत शिरल्याबरोबर शहरी मराठीत आली. म्हणजे विषय मीच होते.

"आल्या बघा, नाव उडवणाऱ्या बाई," कुणीतरी म्हणालं.

"उडवणाऱ्या कशाला, वाढवणाऱ्या," असं म्हणत एक ठेंगणी बाई पुढे आली. केसात मोगरा, कमरेला खोचलेला पदर. या मथुरावहिनी. "मला दोन मतं दिलीस ना गं? एक माझ्या नवऱ्याला दे. घरात त्याचं मत कोणी विचारत नाही."

लोक हसले. प्रल्हाद चुरी हसले नाहीत. ते कपाटाला टेकून उभे होते. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. मला पाहून त्यांनी नमस्कार केला. "मॅडम, तुम्ही स्वतः कशाला आलात? फोन केला असता तर मी सांगितलं असतं."

मी बाईंच्या टेबलाशी गेले आणि आधी कागदावरचं दाखवलं. पंच्याहत्तर आणि शहात्तर, एकच सभासद क्रमांक. बाईंनी पंखा खाली ठेवला. मग कोपऱ्यातल्या तारखा. बाई उठल्या, भिंतीवरची मूळ पानं स्वतः उतरवून आणली आणि एकेकाचा कोपरा नखाने दाबत बघितला.

"तिसरं पान चौदा तारखेचं कसं, सेक्रेटरी?"

"शाई उडाली होती मॅडम. नावं पुसट आली होती म्हणून परत काढलं."

"पुसट पान कुठे आहे?"

"फाडलं."

"आणि त्याच दिवशी हरिश्चंद्र राऊतांची नोंद कशाला उघडली?" मी विचारलं. "चार एक्कावन्नला. काही न बदलता."

"फोन नंबर तपासला. मतदारांचे नंबर तपासायचे असतात."

"एकशे चौसष्टांपैकी एकाचाच?"

"सुरुवात केली होती. मग लाइट गेली."

हॉलमध्ये कुजबुज झाली. उत्तर वाईट नव्हतं. लाइट जाते हे सगळ्यांना ठाऊक. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "हे सगळं योगायोगाने होऊ शकतं की नाही, एवढंच सांगा."

"होऊ शकतं," मी म्हटलं. कारण होऊ शकतं. "पण यांना माहीत होतं."

मी वही काढली आणि मोठ्याने वाचली. तारीख, नाव, प्रश्न, माझं उत्तर. 'किरकोळ' हा शब्दही वाचला. वाचताना माझी पाठ हरिश्चंद्रकाकांकडे होती, ती मी मुद्दाम तशीच ठेवली.

प्रल्हाद चुरी कपाटापासून सरळ झाले. "हो, केला होता फोन. म्हणजे मीच तक्रार केली, बरोबर? डिसेंबरात. या मॅडमना सांगितलं की तुमच्या प्रोग्रॅममध्ये खोट आहे. त्यांनी दुरुस्त केलं नाही. आणि आता मलाच चोर ठरवतात. मॅडम, तुम्हीच सांगा, दोषी कोण?"

हे मी धरून चालले होते. एखाद्या चोराने तुमच्याच किल्लीने कुलूप उघडावं आणि वर विचारावं, किल्ली कुणाची? आणि किल्ली खरंच तुमची असावी.

"दोष आमचा आहे," मी म्हटलं. "लेखी देते. राऊत एकशे बारा आहेत हे माहीत असून यादी फक्त आडनावावर लावली, आणि कळल्यावर दोन महिने सुधारली नाही. पण दोषाने पान परत छापलं नाही. पान माणसाने छापलं."

"ते तुम्ही लिहू नका," बाई म्हणाल्या. "दोष तेवढा लिहा."

मी लिहिलं. कंपनीचा शिक्का नव्हता, माझी सही होती. बाईंनी वाचलं, घडी घातली, फाइलीत ठेवलं. मग म्हणाल्या की लाइट आल्यावर सर्वांसमोर अख्खी यादी नव्याने छापायची, आजच्या तारखेची, आणि तीच अंतिम.

लाइट चारला आली नाही. सव्वाचारलाही नाही. हॉलमधले लोक घड्याळ बघत नव्हते, एकमेकांकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं की सबस्टेशनवर अध्यक्षांचा भाचा आहे. दुसरा म्हणाला, भाचा नाही, भाडेकरू. हरिश्चंद्रकाका भरलेला फॉर्म मांडीवर घेऊन बाकावर बसले होते आणि त्यांच्या घामाने फॉर्मची कड ओली झाली होती. मथुरावहिनींनी तो त्यांच्या हातून काढून आपल्या पदरात ठेवला.

चार एकतीसला पंखा फिरला.

कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं, इंटरनेट लागायला सात. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली. आडनाव, मग घराची ओळख, मग सभासद क्रमांक. विहिरीवाले, मळ्यातले, माडवाले, मास्तरवाले. गावात एकमेकांना ते असेच ओळखतात, आणि ही घरांची नावं हरिश्चंद्रकाकांनीच वर्षभरापूर्वी माझ्या शेजारी बसून एकेक करून सांगितली होती. आम्ही ती कागदावर शोभेला छापत होतो. रांग लावायला वापरली नव्हती. बदल करायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि डिसेंबरातही तेवढीच लागली असती.

सातही पानं एकामागून एक निघाली. प्रत्येक पान काकांनी स्वतः वाचलं, ओठ हलवत, बोट ठेवत. आपलं नाव चौथ्या पानावर सापडलं तरी थांबले नाहीत. सातव्यापर्यंत गेले. सगळी नावं पुन्हा मोजली. मथुरा श्रीरंग एकदाच. मग बाईंनी सही केली आणि काकांनी फॉर्म दिला. चार वाजून चौपन्न मिनिटं. पोचपावतीवर वेळ लिहून घेतली त्यांनी.

बाईंनी इतिवृत्तात लिहिलेलं मी वाकून वाचलं. 'संगणक आज्ञावलीतील दोषामुळे एक नाव वगळले गेले व एक नाव दुबार छापले गेले. पुरवठादाराने चूक मान्य केली आहे. यादी दुरुस्त करण्यात आली.' संपलं. चौदा तारीख नाही, चार एक्कावन्न नाही, प्रल्हाद चुरी नाहीत.

"बाई, तारखेचं काय?"

"माझं काम निवडणूक घेणं आहे," त्या म्हणाल्या. "चौकशी हवी तर अर्ज करा. सभासदाने करायचा असतो. तुम्ही सभासद नाही."

प्रल्हाद चुरी कपाटाला कुलूप लावत होते. जाता जाता मला म्हणाले, "मॅडम, आता सेव्ह केलं तर नाव हलणार नाही ना?" चेहऱ्यावर काही नव्हतं. खरंच विचारत होते की टोमणा होता, मला आजही सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं. किरकोळ होतं, पण त्रास होता."

बाहेर बावखलाच्या काठावर हरिश्चंद्रकाका गाडीला टेकून उभे होते. मला वाटलं, आभार मानतील. मला वाटलं, निदान घरी सोडतो म्हणतील. चौकशीचा अर्ज करणार का, असं मी विचारणार होते. त्यांनी हात पुढे केला.

"वही दे."

मी दिली. त्यांनी चष्मा लावला आणि डिसेंबरचं पान काढून स्वतः वाचलं, मी मोठ्याने वाचलेलं सगळं, पुन्हा. मग मागचं पान उलटलं. नोव्हेंबर. त्याच्या मागचं. शेवटच्या रकान्यावरून त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं.

"ही आगाशीची पतपेढी कोन? हे चिंचोटीचं काय? इथेही किरकोळ. इथेही. हे सगळं तुझंच अक्षर आहे ना?"

"हो."

"यातली किती माणसं गळली असतील?"

"माहीत नाही."

त्यांनी वही माझ्या हातात परत दिली, गाडीची किक मारली नाही, तिथेच काठाच्या दगडावर बसले आणि समोरच्या दगडाकडे बोट दाखवलं.

"बस," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून वाच."